पीएचपी (प्रोग्रामिंग भाषा): अ‍ॅरे, म्हणजे नोंदींची यादी, कसा बनवू? (आवृत्ती ५.६, बदलता येणार नाही)

नवी_पाटी: एका वर्गाची यादी दोन फायलींत विभागलेली आहे. दोन्हींचे अ‍ॅरे करून एकत्र करायचेत. प्रत्येक नोंदीची की (जिच्यावरून नोंद शोधतात ती खूण) म्हणजे रोल नंबर, '०८', '१०' असे. अ‍ॅरे() लिहू की चौकटी कंस? अ‍ॅरे_मर्ज (अ‍ॅरे जोडणारं फंक्शन) केल्यावर काही रोल नंबर गायब होतात, ते का?

जुनाखांब: पहिलं काम, पीएचपी ८ वर जा. ५.६ चे सुरक्षा अपडेट ३१ डिसेंबर २०१८ ला बंद झाले. आमचं सगळं केव्हाच हलवलं.

कंसप्रेमी: चौकटी कंसच. ५.४ पासून चालतात, कोड सुटसुटीत दिसतो. एकत्र करायला तीन टिंबं वापरा, एका ओळीत काम.

रात्रपाळी: @कंसप्रेमी, अ‍ॅरेच्या आत तीन टिंबं ७.४ पासून, आणि की स्ट्रिंग (मजकूर) असेल तर थेट ८.१. शीर्षक वाचा की!

कंसप्रेमी: म्हणूनच अपडेट करा म्हणतोय. कंस वेगवानही आहेत.

रात्रपाळी: अजिबात नाही. दोन्हींतून तोच अ‍ॅरे तयार होतो.

जुनाखांब: मीही तेच म्हणतो, ८ वर जा.

शून्यापासून: मूळ प्रश्न राहिलाच. '१०' ही की पीएचपी आपोआप पूर्णांक करते. '०८' च्या पुढे शून्य असल्यामुळे ती स्ट्रिंगच राहते. अ‍ॅरे_मर्ज पूर्णांक की ० पासून नव्याने मोजतं, स्ट्रिंग कीला हात लावत नाही. म्हणून ८ आणि ९ नंबरवाले जागेवर, १० पासून पुढचे सगळे विस्कटले. मर्जऐवजी दोन अ‍ॅरेंमध्ये अधिकचं चिन्ह द्या, की जशाच्या तशा राहतील. फक्त एकच की दोन्हीकडे असेल तर डावीकडची नोंद टिकते. दुसऱ्याने लिहिलेल्या कोडात हाच घोळ निस्तरताना माझी अख्खी रात्र गेली होती.

कंसप्रेमी: +१, अधिक वापरा. पण कंस चौकटीच.

रात्रपाळी: हो, अधिकच. ५.६ मध्येही चालतं.

नवी_पाटी: @शून्यापासून, अगदी तसंच झालंय, १० पासून पुढचेच गेलेत. मनापासून आभार. पण रोल नंबर आता की म्हणून ठेवतच नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचा छोटा अ‍ॅरे करते, 'रोल' आणि 'नाव' त्याच्या आत. मग मर्जने मोजणी बदलली तरी बिघडत नाही. आणि लिहिणार अ‍ॅरे() च, जुना सगळा कोड तसाच आहे.

कंसप्रेमी: एक रोल नंबर शोधायला दर वेळी पूर्ण यादी फिरवणार?

नवी_पाटी: वर्ग साठ जणांचा आहे. फिरवते.