मदत हवी आहे: शुगरसाठी स्टेम सेल, पैसे भरायचे का?

दमलेली_मामी: भाच्याला दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचतोय, पोटावर गाठी आल्यात. एक हॉस्पिटल म्हणतंय, कमरेतून बोन मॅरो काढून स्टेम सेल सलाईनमधून सोडू, इन्सुलिन सुटेल. साडेचार लाख. शनिवारपर्यंत अ‍ॅडव्हान्स. कुणी केलंय का? लेक्चर नको, हो की नाही ते सांगा.

खवचट_खानदेशी: वय? टाइप १ की २? कधीपासून? सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ती टेस्ट, केलीय? काहीच न सांगता हो-नाही सांगायला आम्ही काय पोपटवाले ज्योतिषी?

दमलेली_मामी: इन्सुलिनवर आहे म्हटलं ना.

परसबाग: कारल्याचा रस, अनशापोटी. सासऱ्यांच्या गोळ्या निम्म्यावर आल्या.

खवचट_खानदेशी: गोळ्या म्हणजे टाइप २. टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही; अशा पोराचं इन्सुलिन रसापायी चुकलं तर रक्तात आम्ल साठून, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन थेट आयसीयू.

परसबाग: इन्सुलिन बंद करा असं मी कुठे म्हटलं? तुम्हाला घरगुती उपायांचं वावडंच आहे.

बॉस्टनचा_बंड्या: स्टेम सेल अगदीच थाप नाही हो. व्हर्टेक्स या अमेरिकन औषध कंपनीच्या झिमिस्लेसेल या टाइप १ वरच्या प्रायोगिक उपचाराचे निकाल जून २०२५ मध्ये आले. पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. पण त्या स्टेम सेलपासून लॅबमध्ये बनवलेल्या आयलेट (इन्सुलिन तयार करणाऱ्या) पेशी, यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडलेल्या. पेशंट सगळे प्रौढ, शुगर घसरली तरी ज्यांना कळत नाही असे. वर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच. त्या चाचणीत एक जण बुरशीच्या मेंदूज्वराने गेला. बोन मॅरोच्या सलाईनचा याच्याशी काही संबंध नाही.

दमलेली_मामी: १३ वर्षांचा आहे. टाइप १, दिवाळीनंतर कळलं. पण त्यांनी व्हिडिओ दाखवला, एका मुलाचा डोस दोन महिन्यांत निम्मा झाला!

खवचट_खानदेशी: हे आधी सांगायचं. निदानानंतर इन्सुलिन बनवणाऱ्या उरल्यासुरल्या बीटा पेशी काही काळ काम करतात, डोस आपोआप उतरतो. त्याला हनिमून फेज म्हणतात. माझ्या मुलीचाही उतरला होता, फुकटात. पुढे परत चढला. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे डायबेटिससाठी स्टेम सेल फक्त चाचणीतच देता येतं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. सीटीआरआयचा, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा.

नवी_आई: आम्ही बाळाच्या नाळेतलं रक्त बँकेत ठेवलंय. ते चालेल का यांना?

खवचट_खानदेशी: ताई, वेगळा धागा काढा.

सुई_दोरा: गाठींचं कुणी बोललंच नाही. गाठीत टोचलं की इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, शुगर वरखाली होते. मांडी, दंड, कुल्ला अशी जागा बदलत राहा, सुई दर वेळी नवी. एक सुई किती वेळा वापरता? आणि गाठ सोडून टोचायला लागलात की तोच डोस जास्त लागू पडतो, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोला.

दमलेली_मामी: गाठींचं मी विचारलं नव्हतं. सुई बोथट होईपर्यंत वापरतो, सगळेच वापरतात. नंबर मागितला, तर रिसेप्शनवरची म्हणते, "मॅडम, तो फाइल उघडल्यावर मिळतो, आधी अ‍ॅडव्हान्स." नणंद पाटल्या मोडायला सराफाकडे निघालीये. तिला दाखवण्यासारखं मराठीत काही असेल तर टाका, लगेच.

परसबाग: मेथीचं पाणीही चांगलं.