नमुन्यातून गळलेल्या नोंदी: कायदा, मानसशास्त्र आणि खगोलशास्त्र यांना एकच उपाय पुरेल का?

पद्धतीवर्ग (धागाकर्ता)

पीएचडीच्या पहिल्या वर्षाला संशोधनपद्धतीच्या सामाईक वर्गात कायदा, मानसशास्त्र आणि खगोलशास्त्र या तिन्ही विषयांचे विद्यार्थी एकत्र असतात. त्यांच्यासाठी सिलेक्शन बायसवर, म्हणजे नमुना आधीच चाळला गेल्याने येणाऱ्या दोषावर, एक सत्र आखायचं आहे. तीन उदाहरणं घ्यायची ठरवली आहेत.

कायद्याचा विद्यार्थी निकालपत्रं वाचून ठराविक प्रकारच्या दाव्यात वादी किती वेळा जिंकतो हे मोजतो. मानसशास्त्राची विद्यार्थिनी छापून आलेल्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून त्यांचं मेटा-अ‍ॅनालिसिस करते. खगोलशास्त्राचा विद्यार्थी तारकासूचीतून ताऱ्यांची सरासरी तेजस्विता काढतो. हाती आलेला ढीग आधीच चाळून आलेला आहे, ही अडचण तिघांचीही.

प्रश्न दोन आहेत. तिघांनाही लागू पडेल अशी एखादी गणिती दुरुस्ती आहे का? आणि जे गळलं ते किती होतं, याचा अंदाज कसा बांधायचा? पाठ्यपुस्तकांत व्याख्या मिळते, पण आकडे घालून केलेलं उदाहरण क्वचितच सापडतं. शक्य तिथे आकड्यांसह सांगावं ही विनंती.

---

ताराप्रत

खगोलापासून सुरुवात करतो, कारण चाळणीची भोकं किती मोठी आहेत हे आम्हाला माहीत असतं.

आकाशगंगेतल्या ताऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लाल बटुतारे आहेत. तरी नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही सहज दिसत नाही. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी अवघ्या ४.२ प्रकाशवर्षांवर असूनही त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा; जितका मोठा तितका तारा मंद) ११ च्या आसपास, म्हणजे डोळ्यांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणजे डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांची सरासरी ही ताऱ्यांची सरासरी नव्हे. या दोषाला माल्मक्विस्ट बायस म्हणतात.

वर्गासाठी गणित असं मांडा. सूचीची मर्यादा १० वी प्रत. निरपेक्ष प्रत (१० पार्सेकवरून दिसली असती ती; एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) ५ असलेला तारा १०० पार्सेकपर्यंत दिसेल, निरपेक्ष प्रत ० असलेला १००० पार्सेकपर्यंत. अंतर १० पट, म्हणून घनफळ १००० पट. दोन्ही प्रकारचे तारे अवकाशात सारख्याच दाटीने असले, तरी सूचीत तेजस्वी तारे हजारपट जास्त येणार.

दुरुस्ती सोपी आहे: प्रत्येक तारा जास्तीत जास्त जेवढ्या घनफळात दिसू शकला असता, त्याच्या व्यस्त प्रमाणात त्याला वजन द्या. मार्टेन श्मिट यांनी १९६८ मध्ये क्वेसार या अतिदूरच्या तेजस्वी पिंडांसाठी ही पद्धत वापरली. सोबत एक तपासणीही मिळते. तारा प्रत्यक्ष ज्या अंतरावर आहे तिथपर्यंतचं घनफळ भागिले त्याचं कमाल घनफळ, या गुणोत्तराची सरासरी ०.५ च्या जवळ यायला हवी. ती बरीच कमी आली, तर एक तर मर्यादेजवळचे मंद तारे सूचीतून सुटले आहेत किंवा तारे सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. आकाशगंगेची तबकडी पातळ असल्याने काही शे पार्सेकपलीकडे दुसरं कारण हमखास आड येतं.

आता बिघडतं कुठे? एकच मंद तारा हजार ताऱ्यांचं वजन घेऊन बसला की त्याच्या मोजमापातली चूक सगळा निष्कर्ष हलवते. आणि जो प्रकार सूचीत एकदाही आला नाही, त्याला वजन देताच येत नाही.

आणखी एक घोळ विद्यार्थी हमखास करतात. पराशय (पॅरॅलॅक्स), म्हणजे पृथ्वीच्या भ्रमणामुळे ताऱ्याचं दिसणारं सरकणं, ज्यावरून अंतर काढतात, तो ऋण आला की ती नोंद ‘अशक्य’ म्हणून खोडून टाकतात. मोजमापातल्या चुकीमुळे खूप दूरच्या ताऱ्यांचा पराशय ऋण येणं अगदी स्वाभाविक आहे. तेवढेच खोडले की उरलेल्या समूहाची सरासरी वाढते आणि सगळा समूह आहे त्यापेक्षा जवळ भासतो. अशी साफसफाई म्हणजे आपल्या हाताने बसवलेली नवी चाळणी.

---

मानसमापन

वरचं गणित मानसशास्त्रात जवळजवळ तसंच्या तसं उतरतं, फक्त प्रतीच्या जागी पी-मूल्य येतं (परिणाम नसतानाही इतका मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता).

समजा खरा परिणाम लहान आहे, कोहेनच्या मापाने (दोन गटांच्या सरासरीतला फरक भागिले प्रमाण विचलन) ०.२. दोन गट, प्रत्येकी २० माणसं. ०.०५ च्या पातळीवर निकाल सार्थक ठरायला, म्हणजे पी-मूल्य ०.०५ च्या खाली यायला, नमुन्यातला फरक किमान ०.६४ यावा लागतो. म्हणजे या आकाराच्या प्रयोगांतले फक्त सार्थक निकाल छापले, तर छापलेला प्रत्येक आकडा सत्याच्या तिपटीहून मोठाच असणार (क्वचित उलट्या दिशेचाही). लबाडी कोणीही केलेली नसताना. असा निकाल मिळण्याची शक्यताही १० टक्क्यांहून कमी, त्यामुळे दहातले नऊ प्रयोग कपाटात. रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९७९ मध्ये याला ‘फाइल ड्रॉवर’ची अडचण म्हटलं.

कपाट किती भरलेलं आहे याचा सर्वांत चांगला अंदाज सगळ्या प्रयोगांची यादी आधीपासून असते तिथे येतो. फ्रॅंको, मल्होत्रा आणि सिमोनोविट्स यांनी २०१४ मध्ये अशा एका यादीतले २२१ अभ्यास तपासले. ठाम निकालाचे अभ्यास शून्य निकालाच्या अभ्यासांपेक्षा ४० टक्केबिंदूंनी जास्त छापले गेले होते, आणि लिहून काढले जाण्यात तर हा फरक ६० टक्केबिंदू होता. हा दुसरा आकडा विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. बरीचशी गळती संपादकाच्या टेबलावर होत नाही, संशोधक लेख लिहायला बसतच नाही.

खगोलाशी साम्य मात्र इथे संपतं. दुर्बिणीची मर्यादा तारा स्वतः ओलांडू शकत नाही, पी-मूल्याची मर्यादा संशोधक ओलांडू शकतो. आणखी दहा माणसं घेऊन पाहिली, दुसरा निष्पत्ती-मापक वापरला, एक गट वगळला. सिमन्स, नेल्सन आणि सिमोन्सन यांनी २०११ मध्ये अशा चार मोकळिका एकत्र धरल्या, तेव्हा खोट्या सार्थक निकालांचं प्रमाण ५ वरून जवळपास ६१ टक्क्यांवर गेलं. त्यामुळे ‘दिसण्याच्या शक्यतेने भागा’ हा उपाय इथे लंगडा पडतो. ती शक्यता स्थिर नसतेच.

मेटा-अ‍ॅनालिसिस करणाऱ्या विद्यार्थिनीला कामाचा क्रम असा सांगेन. आधी प्रयोगांच्या नोंदणीस्थळांवर जाऊन सुरू झालेल्या अभ्यासांची यादी करा, मग त्यातले किती छापले गेले ते पाहा. प्रबंध आणि परिषदांतले गोषवारे धुंडाळा, लेखकांना पत्र लिहून न छापलेले आकडे मागवा. त्यानंतर फनेल प्लॉट, म्हणजे प्रत्येक अभ्यासाचा परिणाम त्याच्या अचूकतेसमोर मांडणारा आलेख. दहापेक्षा कमी अभ्यास असतील तर त्याच्या असमतोलावर चाचणी लावू नका, ताकद पुरत नाही. आणि असमतोल दिसला म्हणजे प्रकाशनातला पक्षपात सिद्ध झाला असंही नाही. लहान प्रयोगांत उपचार जास्त काटेकोरपणे दिला जातो, परिणाम खरोखरच मोठा असू शकतो. ‘ट्रिम अँड फिल’ने, म्हणजे आलेख समतोल करायला गळलेले अभ्यास अंदाजाने घालणाऱ्या पद्धतीने, भरलेले ठिपके हा विदा नव्हे. ते आलेखावर वेगळ्या रंगात दाखवा आणि मूळ निष्कर्षाशेजारीच ठेवा.

पुढच्या संशोधनासाठी खरा उपाय म्हणजे रजिस्टर्ड रिपोर्ट. त्यात आकडे येण्याआधीच लेख स्वीकारला जातो. शील, शायन आणि लाकेन्स यांच्या २०२१ च्या तुलनेत नेहमीच्या लेखांत पहिलं गृहीतक खरं ठरल्याचं प्रमाण ९६ टक्के होतं, रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४.

---

निवाडावाचक

कायद्याच्या बाबतीत वरचे दोन्ही उपाय जसेच्या तसे उचलू नका. इथे चाळणी चालवतात ते पक्षकार, आणि निकाल काय लागेल याचा अंदाज घेऊनच चालवतात.

प्रीस्ट आणि क्लाइन यांनी १९८४ मध्ये हे मांडलं. ज्या दाव्याचा निकाल उघड दिसतो तो तडजोडीने मिटतो. जिथे दोन्ही बाजूंना आपणच जिंकू असं वाटतं, असे अटीतटीचे दावे निकालापर्यंत पोचतात. दोन्ही बाजूंचं पणाला लागलेलं सारखं असेल आणि माहितीही सारखी असेल, तर जिंकण्याचं प्रमाण ५० टक्क्यांकडे झुकतं, मग कायदा वादीच्या बाजूचा असो वा प्रतिवादीच्या. उद्या कायदा वादीला अनुकूल झाला, तर पक्षकारही आपले अंदाज बदलतील, वेगळे दावे मिटतील, आणि प्रमाण पुन्हा होतं तिथेच येईल. एका बाजूला एकाच दाव्यापुरती चिंता आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या शेकडो दाव्यांची असेल, तर प्रमाण ५० पासून सरकतं, पण तेही कायद्यामुळे नव्हे.

म्हणून निकालपत्रांपासून सुरुवात करू नका, दाखल दाव्यांच्या नोंदवहीपासून करा. समजा १००० दावे दाखल झाले, ७५० मिटले किंवा मागे घेतले गेले, २५० चा निकाल लागला, त्यात १५० वादी जिंकले. ‘वादी ६० टक्के जिंकतात’ हे वाक्य फक्त त्या २५० बद्दल खरं आहे. मिटलेले ७५० सगळे वादी हरले असते असं धरलं तर १००० पैकी १५० जिंकतात, म्हणजे १५ टक्के. सगळे जिंकले असते तर ९०० जिंकतात, म्हणजे ९० टक्के. १५ ते ९० ही मॅन्स्की यांच्या नावाने ओळखली जाणारी सीमा. रुंदी पाहून विद्यार्थी हिरमुसतात, पण काहीही गृहीत न धरता एवढंच म्हणता येतं. यापेक्षा अरुंद आकडा हवा असेल, तर कोणत्या गृहीतकाने तो अरुंद झाला हे प्रबंधात लिहायला हवं.

हेकमनचं दोन टप्प्यांचं प्रतिमान (आधी दावा निकालापर्यंत पोचण्याची शक्यता काढायची, मग तिच्या आधारे निकालाचा अंदाज दुरुस्त करायचा) बरेच जण वापरतात. त्यासाठी असा एक घटक लागतो की जो दावा मिटण्यावर परिणाम करतो, पण निकालावर करत नाही. तो नसेल तर दुरुस्तीचा सगळा भार वक्राच्या आकाराविषयीच्या गृहीतकावर पडतो. सॉफ्टवेअर उत्तर देतं, त्या उत्तरावर विसंबू नये.

---

पद्धतीवर्ग

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. चाळणी उपकरणाची असेल तर वजनं द्या, संशोधकाची असेल तर आधी नोंदणी करा, पक्षकारांची असेल तर उगमाकडे जा किंवा सीमा सांगा. सत्राची मांडणी अशीच करतो.

दुसरा प्रश्न अजून थोडा उरतो. दाखल दाव्यांची नोंदवही मिळालीच नाही आणि फक्त डेटाबेसमध्ये शब्द टाकून शोध घ्यायचा असेल, तर किती सुटलं हे कसं कळावं?

---

ग्रंथसूची

शोधावर अंदाजाने विश्वास ठेवू नये, याचं जुनं उदाहरण आहे. ब्लेअर आणि मॅरन यांनी १९८५ मध्ये एका खटल्यातल्या सुमारे ४०,००० दस्तऐवजांवरचा शोध तपासला. आपल्याला निदान ७५ टक्के संबंधित कागद मिळाले असं वकिलांना वाटत होतं. प्रत्यक्षात सुमारे २० टक्केच मिळाले होते. कारण शब्दांचं: एका बाजूच्या कागदांत ‘अपघात’, दुसरीकडे त्याच गोष्टीला ‘घटना’ किंवा ‘परिस्थिती’.

दोन तपासण्या करा. पहिली: शोधात न आलेल्या ढिगातून यादृच्छिक ३०० निकालपत्रं काढून वाचा. एकही संबंधित निघालं नाही, तर ३ भागिले ३०० या नियमाने सुटलेल्यांचं प्रमाण ९५ टक्के खात्रीने १ टक्क्याच्या आत. ऐकायला छान वाटतं, पण ढीग २०,००० चा असेल तर २०० निकालपत्रं अजूनही बाहेर असू शकतात. टक्का आणि संख्या दोन्ही लिहा.

दुसरी: वेगळ्या वाटेने जा. शब्दशोधात २४० निकाल मिळाले. मग शब्दशोध बाजूला ठेवून, निकालपत्रांनी एकमेकांचे दिलेले दाखले (संदर्भ) यांचा माग काढत १०० मिळाले. दोन्हींत सामाईक ८०, म्हणजे दाखल्यांनी मिळालेल्यांपैकी ८० टक्के शब्दशोधाने पकडले होते; एकूण निकालांपैकीही तेवढेच पकडले असं धरा. एकूण अंदाज २४० गुणिले १०० भागिले ८०, म्हणजे ३००. हाती २६० आहेत, ४० सुटले.

---

निवाडावाचक

ही दुसरी तपासणी चांगली, पण दोन वाटा एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात ही अट कायद्यात सहसा पाळली जात नाही. गाजलेला निवाडा शब्दशोधातही येतो आणि सगळे दाखलाही त्याचाच देतात. म्हणून अंदाज कमी येतो.

तुमचेच आकडे गाजलेले आणि कमी गाजलेले असे फोडून पाहा. समजा गाजलेल्यांत शोधाने १२०, दाखल्यांनी ८०, सामाईक ७२. अंदाज १३३. कमी गाजलेल्यांत शोधाने १२०, दाखल्यांनी २०, सामाईक ८. अंदाज ३००. बेरीज ४३३. म्हणजे सुटलेले ४० नव्हेत, १७० च्या वर, आणि जवळजवळ सगळे दुसऱ्या गटातले.

मात्र त्या ८ वर फार भार टाकू नका. तिथे ५ आले असते तर ३०० चे ४८० झाले असते, ११ आले असते तर २१८. कमी गाजलेल्यांसाठी दाखल्यांची वाट अपुरी पडते, त्यांच्यासाठी तिसरी वाट घ्या: एखाद्या वर्षाचे दोन-तीन महिने निवडा आणि त्या काळातलं प्रत्येक निकालपत्र, कुठलाही शब्द न शोधता, क्रमाने वाचून काढा.