मदत हवी: जुन्या घराचं धुरांडं दुरुस्त करणारा गवंडी कुठे मिळेल?

सांजवेळ:
गोव्यातल्या आमच्या गावच्या घराचं धुरांडं गळतंय. तीन गवंडी बघून गेले. एक म्हणतो पाडूया, दुसरा म्हणतो वरून खालपर्यंत सिमेंट मारूया, तिसरा उद्या येतो म्हणून गेला तो गेलाच, आता फोनही उचलत नाही. पाऊस तोंडावर आलाय. खात्रीचा माणूस असेल तर नंबर द्या, काय घेतो तेही सांगा. तातडीचं आहे.

कुळागर:
घर कुठं? पेडण्याचा गवंडी पार दुसऱ्या टोकाला काणकोणात येणार नाही. आणि धुरांडं वापरात आहे की नुसतं उभं आहे?

घुमट:
भिंत जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची की मातीची? कौलं मंगळुरी की नळ्याची? फोटो टाका, फोटोशिवाय कोण काय सांगणार.

रापण:
आम्ही चूलच काढून टाकली. गॅसवर इलेक्ट्रिक चिमणी बसवली. जाळीवाली घेऊ नका, ऑटोक्लीन घ्या. धुराची कटकटच संपली.

सांजवेळ:
रापण, गॅस आहे हो घरात, प्रश्न तो नाही. डिचोली तालुका, साखळीपासून आत. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, धुरांडं विटांचं, आजोबांच्या वेळचं. जुनी घरं असतात तसंच. नंबर आहे का कुणाकडे?

चिरेबंदी:
नंबर देईन, पण आधी सांगा: डाग कुठं पडतो आणि कसला? पांढरी भुकटी, हिरवं शेवाळ की तपकिरी ओघळ?

सांजवेळ:
न्हाणीत, आतल्या बाजूने. चहा सांडल्यासारखे ओघळ आणि कुबट जळका वास. आई रोज पहाटे भाण, म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं भांडं, तापवते, नारळाची सोडणं नि झावळ्यांची चुडतं जाळते. मोठा पाऊस लागला की चुलीतली राखसुद्धा भिजते.

चिरेबंदी:
अहो, राख भिजते हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! म्हणजे पाणी धुरांड्याच्या तोंडातून सरळ आत पडतंय. आतल्या काजळीत मिसळतं आणि विटांमधून झिरपून ओघळ होऊन उतरतं. अर्धवट वाळलेली चुडतं जाळली की काजळी आणखी चिकट होते. बाहेरून कितीही सिमेंट मारा, हा डाग जाणार नाही. वर टोपी हवी: चार कोपऱ्यांना विटांचे चार खुंट, त्यावर पातळ चिरा किंवा लादी, चारी बाजू मोकळ्या. कावळ्यांसाठी जाळी. त्याआधी आतली काजळी काढून घ्या.

दुसरी जागा म्हणजे धुरांडं कौलांना भिडतं तिथली वरची, आढ्याकडची बाजू. तिथं पाणी तुंबतं. सगळे गवंडी तिथं सिमेंटचा जाड लेप थापतात. पण वासे-रिपा पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात, धुरांडं जागचं हलत नाही. दोन पावसांत लेपाला तडा जातोच. त्या जागी पत्र्याची पन्हळ घाला. तिची वरची कड विटांच्या दरजेत, म्हणजे सांध्यात, खाच मारून आत बसवायची, नुसती चिकटवायची नाही.

मांडवी:
एवढं पुराण कशाला? बाहेरून प्लास्टर, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर, विषय संपला. मी अशी कितीतरी कामं केलीत.

चिरेबंदी:
कितीतरी केलीत, पण परत बघायला किती ठिकाणी गेलात?

कुळागर:
सांजवेळ, भिंतीवर आधीच प्लास्टर आहे का?

सांजवेळ:
हो, काकांनी करून घेतलं होतं, बाहेरून सिमेंटचं. आता ते पोकळ वाजतंय, खाली फुगलंय. त्याचा काय संबंध?

कुळागर:
संबंध सगळाच आहे. जुनी भिंत बहुधा मातीत रचलेली असणार. दरजेत खिळा ओढून बघा: लाल माती भुरभुरली तर मातीच, पांढरं आणि कडक लागलं तर चुना. चिरा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. वरून सिमेंट चढवलं की ते बाहेर पडत नाही, मग आतल्या बाजूला ओल उमटते. पोकळ वाजणारा भाग काढून टाका, दरजा चुना-वाळूने भरा. पोत्यातला रंगाचा चुना नको, विझवून मुरवलेला घ्या. कळीचा चुना घरी विझवणार असाल तर पोरांना लांब ठेवा, उकळतो तो.

मांडवी:
चुना सुकायला वेळ कुठाय? जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येणार.

कुळागर:
म्हणून आता फक्त टोपी, पन्हळ आणि धुरांड्याच्या दरजा करा. भिंत गणेश चवथीनंतर, दिवाळीच्या सुमाराला. घाईत केलेला चुना पावसात धुऊन जातो, हे मांडवींचं बरोबर आहे.

भातखाचर:
घर कुणाच्या नावावर आहे? काका, आत्या, मुंबईकर चुलते सगळे हिस्सेदार असतील तर आधी त्यांची लेखी संमती घ्या आणि पंचायतीत विचारा. आमच्याकडे अर्धी कौलं उतरवलेली आणि चुलत्याची तक्रार आली. आख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारं कूळ, असेल तर गोव्याचा १९७५ चा मुंडकार कायदा आहे, तेही बघा.

सांजवेळ:
मुंडकार नाही. काकांना विचारतो. कृपया गवंड्याचं सांगा.

शिगमो:
भाणातल्या पाण्याची आंघोळ म्हणजे सुख बघा. गिझरच्या पाण्याला ती ऊबच नाही.

घुमट:
धुरामुळे वाशांना कीड लागत नाही, म्हणून तरी चूल ठेवा.

मांडवी:
आणि आईच्या डोळ्यांचं काय?

चिरेबंदी:
सांजवेळ, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवलाय. मये गावचा माणूस आहे, वय झालंय, पण चुन्यात हात बसलेला. संपूर्ण कामाचा एकच आकडा ठरवू नका. विटा काढल्यावरच आत काय आहे ते कळतं. धुरांड्याचं काम हजेरीवर, म्हणजे रोजच्या मजुरीवर द्या, सामान तुम्ही आणा, टोपी आणि पन्हळ मात्र ठरवून द्या. थोडा आगाऊ द्या, बाकी पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, हे आधीच बोलून घ्या. कौलांवर त्याच्याच माणसाला चढू दे, तुम्ही चढू नका. आणि जो गवंडी वर न चढता खालूनच "पाडूया" म्हणतो त्याला चहा पाजून वाटेला लावा.

सांजवेळ:
बोललो त्यांच्याशी. रविवारी येतात. ओळंबा आणतो म्हणाले, धुरांडं कललंय का ते आधी बघणार. बुंध्यापासूनच कललं असेल तर तेवढंच उतरवून त्याच विटांनी परत रचू म्हणाले. चूल तोवर बंद ठेवायला सांगितलंय, आई ऐकेल असं वाटत नाही.

कुळागर:
दरजा भरल्यावरही लगेच मोठा जाळ नको. काही दिवस ओल धरून ठेवायची, मग बारीक विस्तव, मग भाण. आईला तेवढे दिवस गॅसवर पाणी तापवून द्या.

शिगमो:
त्या मयेच्या माणसाचा नंबर मलाही पाठवा. आमचं तुळशीवृंदावन एका बाजूला कलंडलंय.