चांदीचं पाणी आणि हाताची थरथर: संबंध असेल का?

विट्याची_सून
आमचे मामा (सासरे) गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. चाळीस वर्षं कोइमतूरला भट्टीपुढं बसून काढली, आता विट्यात असतात. दिवाळीत कुणा ओळखीच्यानं 'नॅनो सिल्व्हर'ची (चांदीचे अगदी बारीक कण असलेल्या पाण्याची) बाटली दिली, तेव्हापासून रोज सकाळी दोन चमचे. बाटलीवर 'प्रतिकारशक्ती वाढवते' एवढंच. चांदी किती, काही नाही. दोन महिने झाले, उजवा हात थरथरतोय. चहा पिताना बशी वाजते, मग स्वतःच हसतात. मी नको म्हटलं तर आत्या (सासूबाई) म्हणतात, "नातवाच्या उष्टावणाला चांदीची वाटी चालती, मग पाण्यानं काय होतंय?" मला उत्तर सुचेना.

मिरजेचा_औषधवाला
वाटीतनं पोटात चांदी जवळपास जातच नाही, ताई. बाटलीतले कण 1 ते 100 नॅनोमीटरचे. इतक्या बारीक कणांना पृष्ठभाग फार, म्हणून त्यातनं चांदीचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सुटत राहतात. उंदरांना असे कण खाऊ घातले तेव्हा डोस बंद केल्यावर यकृतातली चांदी उतरली, मेंदूतली मात्र बराच काळ रेंगाळली. चेतापेशींवरच्या प्रयोगांत मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) बिघडताना दिसतात. हे प्रयोगशाळेतलं झालं. दोन चमच्यांनी माणसाला नेमकं काय होईल ते यावरून ठरत नाही. पण 2004 साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात एका 71 वर्षांच्या माणसाची नोंद आली होती. चार महिने असलंच पाणी घेतलं, झटके सुरू झाले ते थांबेनात, शेवटी गेला. रक्तात आणि मेंदूभोवतीच्या द्रवातही चांदी जास्त सापडली. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तर 1999 मध्येच सांगितलंय की असली औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत.
नखांच्या मुळाशी निळसर-करडी झाक आहे का बघा. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर या पाण्यानं ती नीट लागत नाही, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

भट्टीवरचा_पोरगा
मी पण गलाईवाल्याच्या घरातला, खानापूर तालुक्यातला. सगळे चांदीच्या मागं लागलाय, शिशाचं कुणी बोलंना! जुन्या पद्धतीनं चांदी शुद्ध करताना शिसं घालायचे. दहा बाय दहाची खोली, खिडकी बंद, मुशीचा धूर आणि तेजाबाचा पिवळा वाफारा सगळा नाकात. शिसं हाडात वर्षानुवर्षं बसतं आणि म्हातारपणी हाडं झिजली की परत रक्तात येतं. मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो हे तर पक्कंच आहे. आधी रक्तातलं शिसं तपासा.

कृष्णाकाठ
माझी आई दोन वर्षं घेतीय, काही झालं नाही. उगं भीती घालू नका.

मिरजेचा_औषधवाला
आईंना काही होऊ नये हीच इच्छा. पण दोन बाटल्यांत चांदी सारखीच असते कशावरनं? शिशाचा मुद्दा मात्र बरोबर, मला आधी सुचायला हवा होता. ताई, पाणी आजच बंद करा. आणि थरथर वयाची, कंपवाताची किंवा एखाद्या गोळीचीही असू शकते, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. जाताना बाटली बरोबर न्या.

विट्याची_सून
गुरुवारी मिरजेला निघालोय. मामा ऐकतच नव्हते. शेवटी बाटली पुढ्यात ठेवून विचारलं, "मामा, टंच (शुद्धता) काढल्याशिवाय कधी चांदी घेतली का? मग हिचा टंच किती?" चष्मा लावून चारी बाजूंनी बाटली बघितली. काही बोलले नाहीत. संध्याकाळी आत्यांना म्हणाले, "ती बाटली पिशवीत टाक, गुरुवारी न्यायचीय."