पगार कापून घेतलेलं जहाज : सोन वॉन-इल आणि आपले अनुभव

उल्सान, दक्षिण कोरिया

नमस्कार मंडळी. इथल्या जहाजकारखान्यात मला नऊ वर्षं झाली. एप्रिलमध्ये चिनहेला चेरीचा बहर बघायला सगळा देश लोटतो, तेव्हा नौदल अकादमीचं फाटकही लोकांसाठी उघडतं. यंदा लेकीला घेऊन गेलो होतो. तिथे 'पेक्तुसान' नावाच्या जहाजाची डोलकाठी जपून ठेवली आहे. जहाज केव्हाच गेलं. शेजारी एक आजोबा नातवाला सांगत होते, "हे खलाशांनी आपल्या पगारातून घेतलं." माझ्या कामचलाऊ कोरियनला एवढं कळलं आणि मी तिथेच थबकलो.

हे जहाज मिळवणारे सोन वॉन-इल. जन्म १९०९. वडील पाद्री, जपानी राजवटीविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यातले. मुलगा चीनमध्ये नौकानयन शिकला, व्यापारी जहाजांवर राहिला, जपानी पोलिसांच्या कोठडीत मार खाल्ला. जपान हरल्यावर ११ नोव्हेंबर १९४५ ला सुमारे ७० जणांना घेऊन त्यांनी नौदलाचा पाया घातला. लढाऊ जहाज एकही नाही! तारीख मात्र मुद्दाम निवडलेली. चिनी लिपीत दहा आणि त्याखाली एक लिहिलं की विद्वान, सभ्य माणूस या अर्थाचं अक्षर होतं. अकराव्या महिन्याची अकरावी तारीख म्हणजे तेच अक्षर दोनदा. नौसैनिक आधी सज्जन हवा, हा त्यांचा आग्रह होता.

१९४९ मध्ये वर्गणी सुरू झाली. अधिकाऱ्यांचा १० टक्के पगार, त्याखालच्यांचा ७, साध्या खलाशांचा ५. त्यातून १५,००० डॉलर उभे राहिले, राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी ४५,००० घातले. पुढे जून १९५३ मध्ये हेच सोन संरक्षणमंत्री झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर होते.

या माणसाशी, कोरियन युद्धाशी, नाहीतर वर्दीतल्या आयुष्याशी तुमचा संबंध आला असेल तर इथे लिहा.

नवी मुंबई

मी व्यापारी जहाजांवर चीफ ऑफिसर आहे, म्हणून जहाजाबद्दलच लिहितो. न्यूयॉर्कजवळच्या व्यापारी नौवहन अकादमीत पडून असलेली ही अमेरिकी नौदलाची जुनी गस्ती नौका. किंमत १८,००० डॉलर. तोफा काढून घेतलेल्या. ती न्यायला आलेल्या कोरियन अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी गंज खरवडला, रंग दिला.

ज्यानं चिपिंग केलंय त्यालाच हे काम काय असतं ते कळेल. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला गंजाचा पापुद्रा उडतो, गॉगल असला तरी डोळ्यांत कण जातो, संध्याकाळी मनगटापासून कोपरापर्यंत हात बधिर होतो. कॅडेट असताना मला हे काम शिक्षा वाटायचं. आपल्याच पगारातल्या जहाजाचा गंज काढताना त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी परवाच्या वॉचला बराच वेळ करत होतो.

हवाईला तोफ बसली, ग्वामला १०० गोळे घेतले, १० एप्रिल १९५० ला जहाज चिनहेला लागलं. २५ जूनला युद्ध पेटलं. त्याच रात्री पुसानच्या दिशेनं सुमारे ६०० सैनिक घेऊन येणारी उत्तर कोरियाची बोट 'पेक्तुसान'नं गाठली आणि पहाटेपर्यंत बुडवली. पुसान पडलं असतं तर मदत उतरवायला बंदरच उरलं नसतं. सोन तेव्हा त्याच निधीतून घेतलेली आणखी तीन जहाजं आणायला परदेशी होते.

लोणावळा

मी नौदल अधिकाऱ्याची पत्नी. आता आम्ही निवृत्त आहोत. मला सगळ्यात भिडल्या त्या सोन यांच्या पत्नी होंग उन-हे. वर्गणी कमी पडत होती तेव्हा नौसैनिकांच्या बायकांना एकत्र करून त्यांनी शिवणकाम केलं, कपडे धुतले आणि ते पैसे जहाजाच्या खात्यात घातले. नौदलात आजही गायलं जाणारं एक गीत नवऱ्यानं लिहिलं आणि चाल यांनी लावली.

हे सहा-सहा महिने समुद्रावर असत, तेव्हा क्वार्टर्समध्ये आम्ही बायका एकमेकींच्या मुलांची आजारपणं काढायचो. त्याची नोंद कुठे होत नाही. कोरियात ती झाली, याचा मला फार आनंद आहे. दादा, त्या गाण्याची चाल कुठे ऐकायला मिळेल का?

सातारा

माझे आजोबा १९५३ मध्ये कोरियाला गेले होते, लढायला नाही. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायला भारताची तुकडी गेली. प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. सिंगमन री यांनी ठणकावलं होतं की भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही. म्हणून बंदरातून अमेरिकी हेलिकॉप्टरनं थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. तिथल्या छावणीचं नाव 'हिंद नगर'. आजोबा म्हणायचे, "कोरियाला गेलो, पण कोरिया बघितलाच नाही रे."

त्या वेळी संरक्षणमंत्री सोनच होते हे आज कळलं. मनात थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. पण मग वाटलं, ज्यांचा देश मधोमध चिरला गेला त्यांना आपली तटस्थता कशी रुचावी? आजोबा असते तर त्यांच्याशी यावर वाद घातला असता.

पुणे

आपल्याकडे अ‍ॅडमिरल थेट रक्षामंत्री झाल्याचं उदाहरण नाही. कोरियात सोन यांच्यानंतर २००४ मध्ये युन क्वांग-उंग आणि २०१७ मध्ये सोंग यंग-मू हे नौदलातले मंत्री झाले. मंत्रालयात तीस वर्षं फायली हाताळल्यामुळे माझं मत असं की मंत्री नागरीच असावा. सोन यांच्या बाबतीत मात्र मी अडखळतो. सैन्याला काय कमी पडतं, हे त्यांना कुठल्या टिपणीतून वाचावं लागत नव्हतं.

सोल

पीएचडीसाठी इथे आहे. ६ जूनला, देशासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मृतिदिनी, सकाळी दहाला भोंगा होतो आणि मिनिटभर सगळे उभे राहतात. यंदा मी तोंगजाकच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत होते. ती सोन मंत्री असताना, १९५५ मध्ये सुरू झाली. १९८० मध्ये ते गेले आणि त्यांनाही तिथेच ठेवलं. भोंगा झाला तेव्हा माझ्या पुढची म्हातारी बाई एका थडग्यावरचं पाणी पुसत होती. ती थांबली नाही, पुसतच राहिली.

उल्सान

सगळ्यांचे मनापासून आभार. सातारकर, निर्लष्करी पट्ट्याच्या सहलीला जाईन तेव्हा आजोबांचं नाव घेऊन येईन. ताई, लेकीनं ती चाल पेटीवर बसवायला घेतली आहे. अंतऱ्यात अजून अडखळते. जमली की पाठवतो.