साउथ ऑस्ट्रेलियाची खरी ताकद कशात: पाणी, वाइन की टेलिग्राफच्या तारा?

टेलचं_पाणी:
साउथ ऑस्ट्रेलियाचा विषय निघाला की गाडी लगेच बरोसा व्हॅली हा द्राक्षांचा भाग आणि तिथली शिराझ ही लाल वाइन यांवर जाते, आणि त्यात चूक काही नाही, ऑस्ट्रेलियातली जवळपास निम्मी वाइन ह्या एका राज्यात बनते. पण माझं स्पष्ट मत आहे की त्या राज्याची खरी कमाई म्हणजे पाण्याचा हिशोब, वाइन त्याच्यावर उभी आहे. मरे नदी वरच्या राज्यांनी वापरून झाल्यावर यांच्याकडे येते, म्हणजे अख्खं राज्यच टेलला, पाटाच्या शेवटच्या टोकाला असतं तसं. त्यामुळे यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटीच नदीवरचे नवीन उपसा परवाने थांबवले, रिव्हरलँडमधले, म्हणजे मरेकाठच्या बागायती पट्ट्यातले, उघडे पाट जाऊन बंद पाइप आले, बागा ठिबकवर गेल्या. तिथलं भूजल खारं, ते झिरपून नदीत उतरतं, म्हणून नदीकाठी बोअर घेऊन ते खारं पाणी आधीच उपसतात आणि लांब बाष्पीभवनाच्या तळ्यात नेऊन सोडतात, हे काम वर्षानुवर्षं चालू आहे आणि वाइनच्या बाटलीवर कुठे दिसत नाही. राजधानी ॲडलेडच्या दक्षिणेला मॅक्लारेन व्हेल हा वाइनचा भाग आहे, त्याचं तर मला खरंच कौतुक वाटतं, भूजलावर ताण आला तेव्हा १९९० च्या दशकात बागायतदारांनी स्वतःचे पैसे घालून ॲडलेडच्या दक्षिण उपनगरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी बागांपर्यंत आणलं. द्राक्ष दुसरीकडेही पिकतं हो, पण ही शिस्त किती ठिकाणी आहे?

हिशेबी:
शिस्त मान्य, पण तिला ताकद म्हणायला मी तयार नाही. २००८-०९ ला, मिलेनियम दुष्काळ म्हणतात त्या लांबलेल्या दुष्काळात, रिव्हरलँडच्या बागायतदारांना त्यांच्या हक्काच्या पाण्यापैकी फक्त १८ टक्के मिळालं. ठिबक, पाइप सगळं होतं ना तेव्हा? नदीचा नळ दुसऱ्याच्या हातात असेल तर तुमची शिस्त तुम्हाला किती वाचवणार. मग घाबरून ॲडलेडला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प बांधला, वर्षाला १०० अब्ज लिटरचा, खर्च १.८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, आणि तो पूर्ण होईस्तोवर पाऊस आला, पुढे कित्येक वर्षं तो अगदी कमी क्षमतेवर चालला आणि लोक बिलं भरत राहिले.
आणि वाचवलेलं पाणी जातं कुठे ते पण बघा. चीनने २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन वाइनवर २१८ टक्क्यांपर्यंत ड्युटी लावली, ती २०२४ च्या मार्चमध्ये उठली, पण मधल्या काळात टाक्या भरून राहिल्या आणि रिव्हरलँडमध्ये लाल द्राक्षाला उत्पादन खर्चाइतकाही भाव मिळेना. लोक बागा उपटतायत. १९८० च्या दशकात तर सरकारनेच बागा उपटायला पैसे दिले होते. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही त्यावर टेलचं मोजून मापून पाणी घालायचं, ह्याला काय म्हणायचं?

टेलचं_पाणी:
१८ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे पण त्याची पुढची गोष्ट सांगा ना. त्याच दुष्काळात पाण्याच्या बाजारामुळे न्यू साउथ वेल्सच्या भातवाल्यांनी एका हंगामापुरतं पाणी विकलं, भात त्या वर्षी लावला नाही तरी पुढच्या वर्षी लावता येतो, द्राक्ष मेलं की मेलं. त्या विकत घेतलेल्या पाण्यावर खाली कितीतरी बागा जगल्या. आणि समुद्राच्या पाण्याच्या प्रकल्पाचं म्हणाल तर २०२४-२५ च्या दुष्काळात तोच जोरात चालवावा लागला, तेव्हा कोणी बिलाबद्दल बोललं नाही.

तारायंत्र:
तुम्ही दोघं पाण्यातच अडकलात. माझ्या मते ह्या राज्याचा सगळ्यात धाडसी निर्णय टेलिग्राफच्या तारांचा होता. १८७० मध्ये यांनी करार केला की जावाहून समुद्राखालून येणारी केबल डार्विनला लागेल आणि तिथून पोर्ट ऑगस्टापर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर तार आम्ही ओढू, क्वीन्सलँडलाही ती केबल हवी होती. मधला बराच भाग युरोपियन लोकांना धड माहीतही नव्हता. तिथल्या टेलिग्राफ खात्याचा प्रमुख चार्ल्स टॉड, त्याच्या देखरेखीखाली १८७२ च्या ऑगस्टमध्ये ती जोडली गेली आणि लंडनचा निरोप बोटीने यायला लागायचे ते आठवडे तासांवर आले, लोकर-गव्हाचे भाव कळायला लागले. आणि पाण्याशी संबंध आहे बरं का, टॉडने तारमास्तरांकडून पाऊस, वारा, तापमानाच्या नोंदी मागवून हवामानाचे नकाशे काढायला सुरुवात केली. आज ॲडलेडमध्येच ऑस्ट्रेलियाची अंतराळ संस्था आहे, छोट्या उपग्रहांवरून रानातल्या टाकीची पातळी सांगणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या आहेत. नोंद वेळेवर पोचली नाही तर पाण्याचं वाटप करणार कशाच्या जोरावर?

रानवारा:
तारायंत्र, नोंदी पोचतात तोवर ठीक. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाभर ३जी बंद केलं, आणि शेतातले जुने सेन्सर, पंपाचे कंट्रोलर त्याच्यावरच होते, ते बदलायचा खर्च शेतकऱ्यावर. आणि नुसती माहिती असून भागत नाही. १८६५ ला सर्वेअर जनरल, म्हणजे तिथल्या जमीन मोजणीचा प्रमुख, गॉयडरने नकाशावर रेषा काढून दिली होती की ह्याच्या उत्तरेला शेतीच्या भरवशाचा पाऊस नाही, चराईच करा. पुढे १८७० च्या दशकात चार बरे पावसाळे झाले, सरकारनेच रेषेपलीकडची जमीन खुली केली आणि १८८० च्या दशकात ती कुटुंबं देशोधडीला लागली, पडक्या घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत तिथे. माहिती होती की, पण ऐकायचं नव्हतं कोणाला.

टेलचं_पाणी:
हे मात्र पटलं, म्हणूनच मी यंत्रापेक्षा नियमाला जास्त मानतो. हिशेबी, तुमच्या बाग उपटण्याच्या मुद्द्यावर एक राहिलं. तिथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा केलेला आहे. द्राक्ष काढलं तरी पाणी त्या माणसाचंच, तो बदाम लावेल, भाड्याने देईल नाहीतर विकून कर्ज फेडेल. वाइन पडली तरी तो उघडा पडत नाही.

हिशेबी:
एकदा विकेल. नंतर जमीन कोरडी, आणि त्या लाइनवर जे उरले त्यांच्यात पाइप-पंपाच्या देखभालीचा खर्च वाटला जाणार.

टेलचं_पाणी:
त्यासाठीच तर पाइपलाइनमधून बाहेर पडणाऱ्याकडून टर्मिनेशन फी, म्हणजे जोडणी सोडण्याची फी, घेतात.

हिशेबी:
आणि बाहेर कोण पडतोय? ज्याच्या लाल द्राक्षाला भाव नाही आणि डोक्यावर बँक बसली आहे तोच. पाणी विकून आलेल्या पैशातून आधी फी, मग बँक. बदामाची मोठी लागवड परवडणारा वेगळा माणूस असतो, आठ-दहा हेक्टरवाला नाही. राज्याचा आकडा चांगला दिसेल, त्या बागायतदाराचं काय ते सांगा.