शब्दचर्चा : ‘शेअर्ड मिशन’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘ब्रदर’ला?

अंकाचे_काम (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) त्रैमासिकाचा शिक्षक विशेषांक निघतो आहे. त्यात संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांच्यावरचा लेख मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. कॅथोलिक परंपरेत ते शिक्षकांचे आश्रयदाते संत. पोप बारावे पायस यांनी १९५० साली तसं जाहीर केलं. त्यांनी फ्रान्समध्ये उभा केलेला संघ फक्त ब्रदर मंडळींचा, म्हणजे व्रत घेतलेल्या पण फादर न होणाऱ्या पुरुषांचा. या संघाच्या शाळा-कॉलेजांत आज ब्रदर थोडे उरलेत, शिकवणारे बहुतेक सगळे घरसंसार असलेले स्त्री-पुरुष आहेत. आणि संघ स्वतःच सांगतो की हे काम ब्रदरांचं आणि बाकीचे त्यांचे मदतनीस असं नाही, काम दोघांचं मिळून एकच आहे. याला ते ‘शेअर्ड मिशन’ म्हणतात.

‘वाटून घेतलेलं मिशन’, ‘संयुक्त मोहीम’, ‘सहकार्यातून सेवा’, ‘सहभागी मिशन’ असं सगळं लिहून खोडलं. मला तीन शब्द हवेत: ब्रदरसाठी एक, ‘ले पीपल’साठी (फादर-ब्रदर-सिस्टर नसलेल्या सर्वसामान्य लोकांसाठी) एक आणि या दोघांच्या एकत्र कामासाठी एक. लेख आमच्या आज्यांनाही वाचता यायला हवा.

पारनाका_वसई

पहिल्या दोघांबद्दल सांगतो. ‘ले पीपल’ला आमच्याकडे चर्चमधल्या मराठीत ‘प्रापंचिक’ हा शब्द रुळलेला आहे. धर्मगुरू, व्रतस्थ आणि प्रापंचिक अशी त्रयी प्रवचनात नेहमी ऐकू येते, आज्यांना अडचण येणार नाही.

खरी पंचाईत ‘ब्रदर’ची. आपल्याकडे सेमिनरीत शिकणाऱ्या मुलालाही ब्रदर म्हणतात, तो पुढे फादर होणार असतो. हॉस्पिटलात पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. त्यामुळे जो माणूस आयुष्यभरासाठी ब्रदर झाला आहे, त्याला लग्नाच्या मांडवात कोणीतरी हमखास विचारतं, “ब्रदर, मग फादर कधी होणार?” जणू तो परीक्षेत अडकून पडला आहे. बोरिवलीला माउंट पॉइंसरवर फ्रान्सिस्कन ब्रदरांचा संघ आहे, एवढ्या जवळ असूनही हा प्रश्न सुटत नाही. ‘ब्रदर’ ठेवाच, पण पहिल्या उल्लेखात ‘व्रतस्थ बंधू’ लिहा. ‘धर्मबंधू’ मात्र टाळा. ‘धर्मभगिनी’ सिस्टरांसाठी सुंदर चालतो, पण ‘धर्मबंधूंनो’ म्हटलं की सभेतल्या भाषणाची सुरुवात वाटते. त्याचा रूढ अर्थ ‘आपल्या धर्माचा माणूस’ असा होऊन बसला आहे.

कॅनन_आणि_कोश

पारनाका यांच्याशी सहमत, आणि एक भर. चर्चच्या कायद्याप्रमाणे ज्याला गुरुदीक्षा मिळालेली नाही तो ‘ले’. म्हणजे काटेकोर अर्थाने ब्रदरसुद्धा ‘ले’च! व्रतस्थ जीवन हे स्वभावतः ना दीक्षितांचं ना अदीक्षितांचं, असंही कायदा सांगतो. पण ब्रदरांच्या संघांना कित्येक वर्षं ‘ले इन्स्टिट्यूट’ म्हटलं जाई आणि त्याने गोंधळ होई. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांच्या ‘वीता कोन्सेक्राता’ या पत्रात ‘व्रतस्थ बंधूंचे संघ’ अशा अर्थाचं नाव पुढे आलं ते याचसाठी.

इथे मराठी शब्द लॅटिनपेक्षा सोयीचा आहे. ‘ले’चं लॅटिन मूळ ‘लाइकुस’ रेघ ओढतो ती दीक्षा झालेला आणि न झालेला यांच्यात. ‘प्रापंचिक’ रेघ ओढतो ती प्रपंच असलेला आणि नसलेला यांच्यात. ब्रदरला दीक्षा नाही आणि प्रपंचही नाही, त्यामुळे ‘ब्रदर आणि प्रापंचिक’ ही जोडी मराठीत स्वच्छ उभी राहते. फक्त एक पथ्य पाळा: ‘ऑर्डर’ला ‘पंथ’ लिहू नका. आपल्याकडे कॅथोलिक, प्रोटेस्टंट हे पंथ. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय (जेझुइट), ला सालचे ब्रदर हे कॅथोलिकांतलेच. त्यांना ‘संघ’ म्हणा.

जुनी_शिक्षिका

मी अशाच एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले. मी हिंदू. माझ्या स्टाफरूममध्ये मुसलमान, जैन, बौद्ध, सगळे होते. ‘प्रापंचिक’ शब्द छान आहे, पण चर्चमध्ये त्याचा अर्थ बाप्तिस्मा झालेला सर्वसामान्य श्रद्धावंत असा होतो ना? मग आम्ही कुठे बसतो? प्रार्थनेच्या वेळी मी मागे उभी राहायचे, पण दहावीला मराठीत नापास झालेल्या मुलांना रविवारी बोलावून शिकवायचे ते कोणाच्या तरी ‘सहकार्या’साठी नाही. ते मला माझंच काम वाटायचं.

पारनाका_वसई

बाई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. चर्चच्या कागदपत्रांत ‘ले’ म्हणजे बाप्तिस्मा झालेलेच. पण ला सालच्या शाळांत इतर धर्मांचे शिक्षक किती तरी देशांत आहेत, आणि संघ त्यांनाही या कामात धरतो. लेखात सरसकट ‘प्रापंचिक’ लिहिलं तर तुमच्यासारख्या बाहेर राहतील. ‘प्रापंचिक आणि अन्यधर्मीय शिक्षक’ म्हटलं तर दोन वेगळ्या रांगा लागतात. मला वाटतं, शाळेबद्दलच्या वाक्यांत सरळ ‘शिक्षक-शिक्षिका’ लिहावं आणि ‘प्रापंचिक’ फक्त चर्चच्या संदर्भात वापरावा.

अंकाचे_काम

हे फार मोलाचं सांगितलंत बाई. यावरून मला लेखातलीच एक गोष्ट इथे मांडाविशी वाटते, कारण तिसऱ्या शब्दाचं उत्तर तिच्यात आहे असं मला वाटतं.

ला साल हे रेंस शहरातल्या सुखवस्तू घरातले, कथीड्रलचे कॅनन, म्हणजे तिथल्या धर्ममंडळाचे मानाचे सभासद. गरीब मुलांच्या शाळा काढायचं त्यांच्या मनातही नव्हतं. १६७९ साली रूआं शहरातून आद्रियाँ न्येल नावाचा माणूस रेंसला आला. हा फादर नाही, ब्रदर नाही, साधा प्रापंचिक. गरीब मुलग्यांसाठी फुकट शाळा काढायची म्हणून आला होता. तिथल्या सिस्टरांच्या मठाच्या दारात त्याची आणि ला साल यांची गाठ पडली. ला साल आधी सल्ला देऊ लागले, मग भाडं भरू लागले, मग मास्तरांना जेवायला घरी बोलावू लागले आणि शेवटी त्यांना राहायलाच घरी घेऊन आले. नातेवाईक संतापले. त्या काळी असे मास्तर म्हणजे समाजातली अगदी खालची पायरी. कॅननच्या पंगतीला त्यांनी बसावं हे कोणाला रुचेना. ला साल यांनी १६८३ मध्ये कॅननपद सोडलं, पाठोपाठच्या दुष्काळात वाट्याची संपत्ती भुकेल्यांना वाटली आणि स्वतः त्या मास्तरांतले एक झाले.

मास्तर स्वतःला ‘ब्रदर’ म्हणवू लागले ते यानंतर. एकाने तरी फादर व्हावं असा विचार एकदा झाला होता. आँरी ल्यूरो या ब्रदरला त्यासाठी तयारही केलं जात होतं, पण १६९० साली तो अचानक गेला. ला साल यांनी त्यातून अर्थ काढला तो असा की या संघात फादर नकोतच. मोठा-धाकटा हा भेदच नको.

१६९४ साली ला साल आणि बारा ब्रदरांनी आजन्म व्रत घेतलं. त्यातले फ्रेंच शब्द आहेत: फुकट शाळा चालवायच्या त्या ‘आंसांब्ल ए पार आसोसियासियों’. एकत्र आणि… पुढचा शब्द मला सापडत नाही. ‘संघटनेने’ म्हटलं की युनियन होते. ‘संगतीने’ लिहिलं होतं, पण संगत करणारा तबलजी मुख्य गायकाच्या बाजूला बसतो.

म्हणजे काम सुरू केलं एका प्रापंचिकाने, पुढे ब्रदरांनी ते तीनशे वर्षं सांभाळलं आणि आता पुन्हा प्रापंचिक बरोबरीने आले आहेत. याला ‘सहकार्य’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. न्येल कोणाला सहकार्य करायला आला नव्हता.

सातबारा

मी ख्रिस्ती नाही, महसूल खात्यात नोकरी केली. तुमच्या तिसऱ्या शब्दाला माझ्याकडे उत्तर आहे: सामाईक.

‘वाटून घेणं’ आणि ‘सामाईक असणं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाटप झालं की गट फुटतो, प्रत्येकाचा पोटहिस्सा वेगळा, बांध वेगळा. सामाईक विहिरीला वाटप नसतं. पाणी सगळ्यांचं, आणि गाळ काढायची वेळ आली की तोही सगळ्यांनी काढायचा. कोणी मूळ मालक आणि कोणी उपकारावर पाणी भरणारा असं तिथे नसतं. ‘सामाईक’ खेड्यातल्या आजीलाही समजावून सांगावा लागत नाही.

‘भागीदारी’ सुचवणार असाल तर नको. तिच्यात नफा-तोटा आला. ‘वाटेकरी’ सुखदुःखाचा असतो तोवर ठीक, इस्टेटीचा झाला की भांडण. ‘सहभागी’ म्हणजे कार्यक्रम दुसऱ्याचा आणि आपण त्यात नाव नोंदवलेलं.

घडीभर

‘सामाईक’ला पूर्ण पाठिंबा, पण छापताना ‘सामायिक’ लिहू नका. कोशात दोन्ही रूपं मिळतील. आम्हा जैनांत ‘सामायिक’ म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून समभावाने केलेली साधना. ‘सामायिक कार्य’ वाचून माझी आई आधी तेच समजेल. मध्ये ‘यि’ऐवजी दीर्घ ‘ई’ असलेलं रूप, म्हणजे ‘सामाईक’, ठेवलं तर घोटाळा नाही.

कॅनन_आणि_कोश

‘सामाईक’ उत्तम. आता ‘मिशन’. महाराष्ट्रात या शब्दाला बऱ्याच छटा चिकटल्या आहेत. मिरजेचं मिशन हॉस्पिटल, नगरचं मिशन कंपाउंड यांत मिशन म्हणजे जागा आणि संस्था. सरकारी योजनेतलं मिशन म्हणजे उद्दिष्ट आणि मुदत. काही कानांना त्यात धर्मांतराचा वास येतो. ‘ध्येय’ लिहाल तर ते डोक्यात राहतं, हातात उतरत नाही. ‘जीवितकार्य’ भारदस्त आहे, पण एकट्या माणसाचं असतं.

मूळ लॅटिन ‘मिस्सिओ’ म्हणजे पाठवणं. पित्याने मला पाठवलं तसं मी तुम्हाला पाठवतो, असं येशू शिष्यांना सांगतो, तिथलं पाठवणं. मराठी बायबलने त्यावरून ‘प्रेषित’ फार पूर्वीच घेतला, ‘प्रेषितांची कृत्ये’ सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ‘प्रेषितकार्य’. ते कोणी स्वतःच्या मनाने हाती घेतलेलं नाही, कोणीतरी सोपवलेलं आहे, हे त्यात येतं. आणि सोपवलेलं असल्यामुळेच ते ब्रदरांच्याही मालकीचं नाही.

एक गोव्याचं उदाहरण देतो. १५५६ साली छापखाना गोव्यात उतरला. तो सांभाळायला आला होता येशूसंघातला स्पॅनिश ब्रदर ह्वान दे बुस्तामांते, आणि त्याच्याबरोबर जन्माने भारतीय असलेला एक जाणकार मुद्रक. त्या वेळच्या पत्रात हा मुद्रक ब्रदरच्या ‘मदतीला’ दिलेला असाच येतो. मोठी माणसं होती त्या जहाजावर, पण भारतात पहिलं पुस्तक छापलं ते या दोघांच्या हातांनी: एक ब्रदर आणि एक प्रापंचिक. छपाईवरच्या लेखांत बुस्तामांतेचं नाव येतं, दुसऱ्याबद्दल ‘मदतनीस’ यापलीकडे काही येत नाही. शब्द निवडताना मला हे आठवत राहतं.

त्याच येशूसंघात ब्रदरांचं अधिकृत नाव शतकानुशतकं ‘ऐहिक साहाय्यक’ अशा अर्थाचं होतं. १९९५ मध्ये त्यांच्या चौतिसाव्या महासभेने ठरवलं की यापुढे नुसतं ‘ब्रदर’ म्हणायचं. त्याच महासभेने प्रापंचिकांबरोबरच्या कामावरही स्वतंत्र ठराव केला. दोन्ही एकाच वर्षी, एकाच सभेत.

जुनी_शिक्षिका

‘प्रेषितकार्य’ मला थोडा जड जातो. मुसलमान सहकाऱ्यांच्या कानाला ‘प्रेषित’ म्हणजे मुहम्मद पैगंबर. त्यांना वाईट वाटणार नाही, पण स्वतःच्या गणित शिकवण्याला ते ‘प्रेषितकार्य’ म्हणणार नाहीत. ‘सोपवलेलं काम’ असं का नको? मला ते माझं वाटेल.

अंकाचे_काम

बाईंचं ऐकून मी असं ठरवतो आहे: धर्मविषयक परिच्छेदात ‘सामाईक प्रेषितकार्य’ एकदा, तेही उलगडून. बाकी ठिकाणी ‘सोपवलेलं सामाईक काम’. ‘आंसांब्ल ए पार आसोसियासियों’साठी ‘एकत्र, एकमेकांशी बांधील होऊन’. ‘बांधील’मध्ये व्रताचं बंधनही आलं, आणि लग्न केलेल्या माणसालाही तो शब्द परका नाही.

सध्याचा मसुदा:

“१६९४ मध्ये ला साल आणि बारा व्रतस्थ बंधूंनी गरिबांच्या मुलांसाठी फुकट शाळा एकत्र, एकमेकांशी बांधील होऊन चालवण्याचं व्रत घेतलं. आज त्या शाळांतले ब्रदर आणि इतर शिक्षक-शिक्षिका यांच्यावर ते काम सामाईकपणे सोपवलेलं आहे. कोणी कोणाचा मदतनीस नाही.”

पारनाका_वसई

छान जमलंय. ‘सामाईकपणे’ थोडं कागदी वाटतं. “ते काम आज ब्रदर आणि शिक्षक-शिक्षिका यांचं सामाईक आहे” असं सुटसुटीत करा. आणि पहिल्या वाक्याआधी न्येलचं नाव घ्या, १६७९ सालासकट. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की शिक्षक मंडळी नंतर आत घेतली गेली.

सातबारा

आणि ‘शेअर्ड मिशनमध्ये सहभागी प्रापंचिक’ असं कुठे राहिलं असेल तर काढा. सामाईक खात्यात कोणी ‘सहभागी’ नसतो, सगळे खातेदार असतात.

अंकाचे_काम

दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. एक शब्द अजून लटकतो आहे: काही शिक्षक ब्रदरांप्रमाणे जाहीर वचन देऊन या कामाशी स्वतःला जोडून घेतात, घरसंसारात राहूनच, त्यांना ‘असोसिएट’ म्हणतात. फ्रान्सिस्कनांकडे अशांचा ‘तिसरा संघ’ तेराव्या शतकापासून आहे, पण ला सालच्या लोकांना पहिला-दुसरा-तिसरा असे क्रमांकच नाहीत. ‘वचनबद्ध शिक्षक’ कसा वाटतो? स्त्रियांसाठी ‘वचनबद्ध शिक्षिका’ही सहज होतं. छपाईला अजून आठवडा आहे, सुचवा.